फुकटची मारुती: उभी करायची की मोडीत काढायची?

पावसाळा सरला की पानशेत-वेल्हे पट्ट्यातल्या फार्महाउसांची कुलपं उघडतात आणि रखवालदाराला एक प्रस्ताव हमखास ऐकायला मिळतो. "शेडमागची ती गाडी नुसती पडून आहे. चालू करून घेतलीस तर तुझी. पैसे नकोत." पुण्यात नवी गाडी आली, पार्किंगला जागा उरली नाही, म्हणून जुनी इकडे आणून लावलेली असते. सुरुवातीला कुणी तरी आठवड्याला किल्ली फिरवतं, मग बॅटरी बसते, मग पाऊस लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत मालकाला ती अडगळ वाटू लागते आणि रखवालदाराच्या घरात तिच्यावरून बेत सुरू होतात.

तालुक्याचं नाव कागदोपत्री राजगड झालं असलं, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. 2011च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे 54 हजार होती. वस्त्या डोंगरात विखुरलेल्या, एसटीच्या फेऱ्या मोजक्या. रात्री-अपरात्री कुणाचं दुखलं-खुपलं तर नसरापूर गाठायला शेजाऱ्याच्या जीपची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी दारात चालून आलेल्या गाडीला नाही म्हणणं जिवावर येतं.

मग हो म्हणण्याआधी पाहायचं काय? यावरची दोन टोकांची मतं इथे मामा आणि भाची यांच्या तोंडी घातली आहेत. मामा एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झालेले, आता नसरापूर-वेल्हे रस्त्यालगत छोटं गॅरेज चालवणारे. भाची पुण्यात मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करणारी. ही दोघं नमुन्यादाखल उभी केली आहेत. त्यांच्या बोलण्यातले कायदे आणि सरकारी दर मात्र खरे आहेत. गाडी आहे 2009 साली पुण्यात नोंदलेली मारुती 800, आणि ती हवी आहे मामांच्या मुलाला.

मामांनी बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला होता. "घ्यायची. हिचं सगळं मिळतं. 1983च्या डिसेंबरात पहिली गाडी दिली, 2014च्या जानेवारीत शेवटची कारखान्यातून निघाली. 28 लाखांवर गाड्या काढल्या त्यांनी. हिचं 796 सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं, आणि ओम्नी 2019पर्यंत निघत होती. नाना पेठेत अर्धा दिवस फिरलीस तर क्लच प्लेटपासून वायपरच्या मोटरपर्यंत सगळं पिशवीत घालून आणशील."

"पार्ट मिळतात हे मान्य," भाची म्हणाली. "पण मामा, मी आधी आरसी मागते. नोंदणी कधीपर्यंत आहे?"

मुलाने मोबाइलवरचा आरसीचा फोटो दाखवला. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. ही 2024मध्येच संपलेली.

"म्हणजे बादच की," मुलगा हळूच म्हणाला. "गावात सगळे तेच म्हणतात. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात."

या एका मुद्द्यावर मामा-भाचीचं लगेच जमलं. पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी आणि दहा वर्षांची डिझेल गाडी यांच्यावरचा निर्बंध हा दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्राचा विषय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने तो 2014-15मध्ये घातला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये उचलून धरला. महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला तो लागू नाही. इथे पंधरा वर्षांनंतर गाडीची तपासणी होते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. "हे माहीत नसलेल्या माणसाकडून दलाल चांगल्या चालत्या गाड्या कवडीमोलाने उचलतात," मामा म्हणाले. "आपल्याच खोऱ्यात डोळ्यांदेखत झालंय."

"पण वाढवून मिळते म्हणजे फुकट मिळत नाही," असं म्हणत भाचीने हिशेब मांडायला घेतला.

1 एप्रिल 2022पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला 5,000 रुपये पडतात. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला 500 रुपये विलंब शुल्क. मुदत संपून अठरा महिने झाले असं धरलं तर ते झालं 9,000. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल मोटारीला राज्याचा पर्यावरण कर पाच वर्षांचा 3,000. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 2,094, त्यावर जीएसटी. एप्रिल 2019च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, तिचे 745 आणि वर जीएसटी. पीयूसी किरकोळ.

"बेरीज 20 हजारांच्या पुढे जाते," ती म्हणाली. "अजून आपण पान्याला हात लावलेला नाही. शिवाय 2029मध्ये गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण 2025पासून 10,000 रुपयांवर गेलंय."

मामांना हा हिशेब मानवला नाही. कागदाचा खर्च पाच वर्षांवर पसरतो, असं त्यांचं म्हणणं. महिन्याला किती पडला ते बघ, आणि एका आजाऱ्याला पुण्याला न्यायला खासगी गाडी काय घेते तेही बघ. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुला हवी कशाला आहे ही?"

"घरासाठी. आणि शनिवार-रविवारी तोरण्याला येणाऱ्यांना नसरापूर फाट्यावरून आणायचं. तेवढाच हातखर्च."

"ते जमणार नाही," भाची ताडकन म्हणाली. "पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घ्यायचं नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं हेच शोधते. घरासाठी म्हणत असशील तरच पुढे बोलू."

मामा तोवर बॉनेटखाली वाकले होते. बंद गाडीचं इंजिन सुरू होतं का, हे लोक किल्ली फिरवून बघतात, आणि तिथेच बऱ्याच इंजिनांचं नुकसान होतं. वर्ष-दोन वर्षं उभ्या गाडीच्या सिलिंडरमध्ये ऑइलचा थर राहिलेला नसतो. कोरडे पिस्टन थेट स्टार्टरने फिरवले की भिंतींवर ओरखडे पडतात. मामांनी आधी डिपस्टिक काढून बोटावर पुसली. ऑइल काळं होतं. ते दुधाळ असतं तर पाणी शिरलेलं, म्हणजे हेड गॅस्केटचं काम निघालं असतं. मग तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं, ते रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने जोर दिला. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा पाव फेरा फिरलं, मग पूर्ण.

"जाम नाही!" मामांचा चेहरा खुलला. "इंजिन जिवंत आहे पोरी."

बाकीची यादी त्यांनी बोटांवर सांगितली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायचं, टाकी उतरवून आतला गंज धुवायचा, पंप तपासायचा. रबरी होस सगळे बदलायचे, कारण आता पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं आहे आणि 2009चं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. टायमिंग बेल्ट डोळे झाकून नवा. ब्रेकचे मास्टर आणि व्हील सिलिंडर उघडायचे. पाबे घाट उतरणाऱ्या गाडीत तिथे काटकसर करायची नाही. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय, ते जोडायचं. बॅटरीला साडेतीन-चार हजार. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो 2014 सांगत होता. म्हणजे नक्षी शिल्लक असली तरी चारही बाद, त्यांचे दहा हजार. मजुरी घरची धरून मामांचा अंदाज पंचवीस-सत्तावीस हजारांवर थांबला.

"त्यात टोचन मिळवा," भाची म्हणाली. "नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. पासिंगला तर ती आरटीओसमोर न्यावीच लागते. म्हणजे इथून पुण्यापर्यंत ती दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची. तपासणीत नापास झाली तर पुन्हा तोच खर्च. चालवत नेली आणि पकडली, तर नोंदणीचे पाच हजार, विम्याचे दोन हजार दंड. सगळं मिळून पन्नास हजारांच्या घरात गेलो आपण. तेवढ्यात कागद चालू असलेली, धावती जुनी गाडी मिळते."

"मिळते. आणि तिच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक असतं?" मामांनी उलटा प्रश्न टाकला. "ही मी स्वतः उघडून बघितलीय. बाजारातली धावती गाडी पॉलिश मारून उभी असते. तुम्ही पुण्याची माणसं दुरुस्ती म्हटलं की नाक मुरडता. दापोडीत आम्ही काय केलं आयुष्यभर? जुन्या एसटीची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवली, त्याच चासीवर माइल्ड स्टीलची नवी बांधली. तीच बस परत फलाटावर. नवी गाडी करायला नवं लोखंड, नवं प्लास्टिक, नवी वीज लागते. तो धूर तुमच्या पीयूसीत दिसत नाही."

मामांच्या या युक्तिवादात वजन आहे. मोटार रस्त्यावर यायच्या आधीच तिच्या निर्मितीत काही टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत गेलेला असतो, आणि महिन्याला शे-दोनशे किलोमीटर चालणारी गाडी बदलून तो भरून निघायला फार वर्षं लागतात. पण धुराची दुसरी बाजू भाचीला पाठ होती. ही गाडी बीएस-3 या धुराच्या मानकाची. त्या मानकात पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे 2.3 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. बीएस-4मध्ये ती 1 ग्रॅमवर आली. एप्रिल 2010पासून पुणे आणि सोलापूरसह 13 शहरांत मारुती 800 विकणं थांबलं ते याच मानकामुळे. शेडमागची ही गाडी म्हणजे पुण्यात विकल्या गेलेल्या शेवटच्या काही गाड्यांपैकी एक. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएसही नाही.

"आणि एसटीचं म्हणाल तर," ती पुढे म्हणाली, "1 एप्रिल 2023पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. परिवहन महामंडळंही त्यात आली. तुमच्या दापोडीलासुद्धा मर्यादा घातलीच सरकारने."

मामा क्षणभर गप्प झाले. मग स्क्रूड्रायव्हर उचलून गाडीच्या कडेला खाली बसले.

गाडीवर तीन वर्षं ताडपत्री होती. ताडपत्री वरचा पाऊस अडवते, पण जमिनीतून उठणारी ओल आतच कोंडते, आणि वेल्ह्याच्या पावसाळ्यात ती ओल चार-चार महिने हटत नाही. वरून रंग शाबूत होता. मामांनी दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटत मागे सरकायला सुरुवात केली. पुढच्या दाराखाली टणक आवाज येत होता. मागच्या चाकाजवळ तो बसका झाला. त्यांनी टोक दाबलं, तसं ते पत्र्यातून सरळ आत गेलं आणि तांबड्या पापुद्र्यांचा ढीग खाली पडला. मग टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. मागचा सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेला असतो, त्या जागेभोवतीही पत्रा खाल्लेला होता.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. "तुझ्या हिशेबाने नाही, पण या पत्र्याने माझं तोंड बंद केलं."

पत्रा तर जोडता येतो, मुलाने शंका काढली. वेल्डिंगवाला नसरापुरात आहेच. तेव्हा मामांनीच त्याला समजावलं, आणि या वादातला कळीचा मुद्दा तिथे होता. एसटीला किंवा जुन्या महिंद्रा जीपला खाली स्वतंत्र चासी असते. जाड लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यावर इंजिन, चाकं आणि बॉडी वेगवेगळी बसवलेली. बॉडी कुजली तर उतरवून दुसरी चढवता येते. म्हणूनच केळदच्या बाजूला जुन्या जीप अजून धावताना दिसतात. मारुती 800ला अशी वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. जिथे सस्पेन्शन धरतो तिथे तो कुजला, की वरून लावलेलं ठिगळ दिसायला गाडी उभी करतं, पण खड्ड्यात चाक आपटल्यावर टिकेल याची हमी कुणी देत नाही. "इंजिन गेलं असतं तर नाना पेठेतून दुसरं आणलं असतं," मामा म्हणाले. "सांगाडा कुठून आणू?"

आता भाची जरा नरमली. सांगाडा धड असता, नोंदणीची मुदत चालू असती आणि मूळ मालक सह्या करायला समोर असता, तर तीही दुरुस्तीच म्हणाली असती. तिच्या मते लोकांची चूक क्रमात होते. आधी इंजिन सुरू करून बघतात, त्यात दहा हजार घालतात, मग पत्रा बघतात आणि सगळ्यात शेवटी कागद. खरं तर हे उलट हवं. कागद बघायला काहीच पडत नाही, पत्रा ठोकून बघायला अर्धा तास पुरतो. पैसे लागतात ते इंजिनाला.

"मग ठरलं," मुलगा म्हणाला. "भंगारवाल्याला बोलावतो. रोख देईल, इथेच कापून नेईल."

यावर मात्र दोघंही एकदम "नको" म्हणाले, कारणं वेगवेगळी.

मामांचं कारण पाण्याचं. गॅस कटरने उघड्यावर गाडी कापली की इंजिनचं ऑइल, ब्रेकचं तेल, कूलंट आणि बॅटरीचं ॲसिड तिथेच मातीत जातं. आणि पानशेत, वरसगावचं पाणी पुढे खडकवासल्यात उतरतं, तेच पुणं पितं.

भाचीचं कारण कायद्याचं. भंगारवाल्याने गाडी नेली तरी आरटीओच्या नोंदीत ती मालकाच्याच नावावर जिवंत राहते. तिने सर्वोच्च न्यायालयाच्या 2018मधल्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालाचा दाखला दिला. 2007मध्ये विकलेली गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली, नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली आणि 2009मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच टाकली. हस्तांतर झालं की देणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते यासाठीच. "फुकट दिली म्हणून मालक सुटत नाही. नंबरप्लेट आणि चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर चढला, तर पोलिस आधी त्याच्याच दारात येतात."

यासाठीच सप्टेंबर 2021च्या केंद्रीय नियमांनी नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्रांची सोय केली. पुणे परिसरातही अशी केंद्रं सुरू झाली आहेत. केंद्र आधी वाहन प्रणालीत गाडीची नोंद तपासतं, ती चोरीची नाही ना, कर्जाचा बोजा नाही ना, हे बघतं. मग इंधन, तेलं आणि बॅटरी वेगळी काढून गाडी मोडतं आणि चासी क्रमांकाचा तुकडा कापून जपून ठेवतं. मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं, पुढे गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र, आणि नोंदणी रद्द होते. धोरणात मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के धरली आहे. 4 लाखांच्या गाडीवर 16 ते 24 हजार. प्रत्यक्षातला आकडा लोखंडाच्या भावावर हलतो. ठेव प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. नवी गाडी घेताना त्यावर नोंदणी शुल्क माफ होतं, आणि केंद्राच्या नियमांनुसार खासगी गाडीच्या करात राज्यांना 25 टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. ते दुसऱ्याच्या नावे देताही येतं.

इथे भाचीने मुलाला एक गोष्ट बजावली. मोडीतच काढायची असेल, तर गाडी आपल्या नावावर करून घ्यायची नाही. नाव चढवायला आधी नूतनीकरण लागेल, म्हणजे मोडण्यासाठी गाडीवर वीस हजार घालायचे. केंद्राकडे गाडी मूळ मालकानेच स्वतःच्या सहीने द्यावी. त्याला खरंच काही द्यायचं असेल, तर मोडीचे पैसे आणि ठेव प्रमाणपत्र मुलाला द्यावं.

मामांनी शेवटपर्यंत एक हट्ट सोडला नाही. इतकं चांगलं इंजिन चुरगळायला जाणार, हे त्यांना पटत नव्हतं. आधी ते उतरवून ठेवू या, असं त्यांचं म्हणणं. भाचीने नकार दिला. इंजिन क्रमांकही आरसीवर नोंदलेला असतो, आणि नोंदणी रद्द व्हायच्या आधी असा नोंदलेला भाग काढून ठेवला तर मालकाला उत्तरं देत बसावं लागतं. मामा कुरकुरले, पण पान्याला हात लावला नाही.

या गाडीचा निकाल मोडीत काढण्याचा लागला. शेजारच्या वाडीतली चासीवाली जीप असती, कागद चालू असते, तर तो दुरुस्तीचा लागला असता. पुण्याहून इकडे गाडी आणून लावणाऱ्या मालकांना एवढंच सांगणं आहे, की रखवालदाराला किल्ली देण्याआधी त्याच्या हातात चार कागद द्या: मूळ आरसी, शेवटचा विमा, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि थकीत ई-चलन नसल्याचा पुरावा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करता येतो. त्यानंतर उभ्या गाडीवरही दर महिन्याला 500 रुपये चढत जातात.